मेसचं जेवेल त्याला मत

सेक्रेटरी म्हणजे साहेबाला कॉफी देणारी आणि फोनवर गोड बोलणारी बाई, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा लेख जरूर वाचावा. कॉफी मी कधी दिली नाही. आमचा साहेब स्वतःचा चहा स्वतः करायचा आणि दुसरा कुणी केला तर तोंड वाकडं करायचा. राहता राहिलं गोड बोलणं. त्याबद्दल माझ्या नवऱ्याला विचारा.

दुबईच्या बंदराजवळ जहाजं दुरुस्त करायचं एक यार्ड होतं, तिथे मी आयुष्यातली उमेदीची वर्षं काढली. ज्यांनी असं यार्ड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी जहाज एका प्रचंड मोठ्या हौदात आणतात, दार लावतात आणि पाणी उपसून काढतात. मग ते अवाढव्य धूड लाकडी ठोकळ्यांवर उघडं पडतं. त्याच्या पोटाखाली माणसं शिरतात, गंज खरवडतात, सडलेले पत्रे कापून काढतात आणि नवे वेल्डिंग करून बसवतात. जहाज बसून राहिलं की मालकाचं नुकसान होतं, म्हणून सगळा कारभार घाईचा. ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे ‘चला, आटपा’, हा शब्द मी जेवढा ऐकला तेवढं माझं नावसुद्धा ऐकलं नसेल.

माझं काम होतं डिक्टेशन घेणं. घरोघरी कॉम्प्युटर आले, पोरंटोरं दहा बोटांनी टाइप करायला लागली, तरी मी लघुलिपीची वही सोडली नाही, कारण आमच्या साहेबाला कीबोर्डचा तिटकारा होता. मिस्टर गिलक्रिस्ट मूळचा स्कॉटलंडचा. क्रेगबर्न नावाच्या नदीकाठच्या गावात तो पत्रे ठोकणारा कामगार होता. तिथलं यार्ड बंद पडलं तेव्हा आखातात आला आणि चढत चढत मॅनेजर झाला. त्याचं इंग्रजी म्हणजे तोंडात खडे घेऊन बोलल्यासारखं. पहिला महिना मी घरी येऊन रडले. नंतर इतकी सवय झाली की बाकीच्यांचं इंग्रजी मला बेचव लागायला लागलं.

नव्या शतकाच्या सुरुवातीला एके दिवशी तो फार पडेल चेहऱ्याने आला. बहिणीचा फोन आला होता. स्कॉटलंडमधल्या मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखणार होते आणि क्रेगबर्न हा मतदारसंघच राहणार नव्हता. अर्धा भाग इकडच्याला जोडणार, अर्धा तिकडच्याला. मी म्हटलं, “सर, गाव तर तिथेच राहील ना?” त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी त्याच्या आईबद्दलच काहीतरी बोलले होते.

त्या दिवसापासून काम हलकं असलं की तो दार लोटून घ्यायचा आणि म्हणायचा, “शायला, वही.” माझं नाव शैला, पण ते त्याने कधीच नीट घेतलं नाही. आणि क्रेगबर्नच्या निवडणुकांचा इतिहास तो मला सांगायला लागायचा, पहिल्यापासून. मतदारसंघ पुसला जायच्या आत पुस्तक करायचं, आणि कुणी छापलं नाही तर गावच्या लायब्ररीत ठेवायचं, असा त्याचा बेत होता.

आता कुणी म्हणेल, शारजात राहणाऱ्या मराठी बाईला त्याचं काय? मलाही आधी तसंच वाटलं. पण ऐका तर खरं. पहिलं प्रकरण त्याच्या पणजोबांचं. त्या काळी ज्याच्या नावावर ठरावीक भाड्याचं घर त्यालाच मत. आणि तेही चिठ्ठी टाकून नाही! चौथऱ्यावर चढायचं आणि सगळ्यांदेखत नाव उच्चारायचं. समोर खुर्चीत गिरणीचा मालक बसलेला. पणजोबांनी मालकाच्या माणसाचं नाव घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांची नोकरी गेली आणि गिरणीच्या चाळीतलं घरही गेलं. गुप्त मतदान त्यानंतर काही वर्षांनी आलं.

दुसरं प्रकरण त्याच्या आजीचं. पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर आणि घरमालकांनी भाडी वाढवलेली. क्रेगबर्नच्या बायकांनी भाडं द्यायचं बंद केलं. घर खाली करायला सरकारी माणूस आला की एक बाई घंटा वाजवायची आणि बाकीच्या जिन्यावरून त्याच्या अंगावर पिठाचे गोळे मारायच्या. यातल्या एकीलाही तेव्हा मत नव्हतं. मत मिळालं तेव्हा त्यांनी कामगारांचा उमेदवार असा निवडून आणला की पुढच्या दोन पिढ्या तिथे दुसरं कुणी शिरलंच नाही. गावात म्हणायचे, गाढवाच्या गळ्यात लाल रिबीन बांधा, तेही पार्लमेंटात जाईल. गिलक्रिस्ट पुढे पुटपुटायचा, “एकदोनदा गेलंही.”

तिसरं प्रकरण यार्ड बंद पडल्यानंतरचं. लोक इतके चिडले होते की एका पोटनिवडणुकीत त्यांनी लाल रिबीन भिरकावून दिली आणि स्कॉटलंड वेगळं करा म्हणणाऱ्या पक्षाला निवडून दिलं. मोजणीच्या हॉलमध्ये त्याचे वडील रडले. हे सांगताना साहेब खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि मी वहीत उगाचच रेघोट्या मारत बसले.

मी स्वतः कधीच मत दिलेलं नव्हतं. आपल्याकडे मतदानाचं वय तेव्हा एकवीस होतं आणि मी विसाव्या वर्षी लग्न होऊन शारजात आले. परदेशी राहणाऱ्याला तिकडे मत नाही आणि इथे तर प्रश्नच नाही. एका अख्ख्या मतदारसंघाचा इतिहास टाइप करत होते आणि बोटाला शाई लागलेली नाही! घरी हे बोलले तर माझी मुलगी सई म्हणाली, “आई, दॅट्स सो अनफेअर.” नवरा अविनाश म्हणाला, “फेअर-अनफेअर नंतर, आधी जेवायला वाढ. आज दुबईहून शारजाला यायला दीड तास लागलाय.”

आता महादेव. महादेव सांगलीकडचा, आमच्या यार्डातला पक्का वेल्डर. राहायला मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पात, ज्याला आपली सगळी माणसं सोनापूर म्हणतात. एकदा ऑफिसच्या जिन्याचा कठडा जोडायला आला आणि मराठी ऐकून तिथेच रेंगाळला. “मॅडम, सायेब रोज दार लावून काय सांगतो वं तुमास्नी?” मी सांगितलं. पिठाच्या गोळ्यांवर तो इतका हसला की त्याचा चष्मा खाली पडला. मग दोन-चार दिवसांनी काहीतरी निमित्त काढून पुढचं ऐकायला यायचा आणि ऐकलेलं कॅम्पात नेऊन तिखटमीठ लावून सांगायचा. मी गेटमधून जाताना अनोळखी माणसं विचारायची, “मॅडम, मग गाढव निवडून आलं का?”

त्याच उन्हाळ्यात जेवणाचा प्रश्न पेटला. कॅम्पातली मेस एका कंत्राटदाराकडे होती. तो पहाटे भात-डाळ शिजवायचा आणि गरमच प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधायचा. त्या पिशव्या दुपारपर्यंत यार्डात उन्हात पडायच्या. उघडली की डाळीला फेस. माणसं जहाजाच्या पोटात, भट्टीत राबावीत तशी राबत होती आणि वर हे आंबलेलं खात होती. तक्रार कोणी करायची? संघटना करायला परवानगी नाही. एकट्याने तोंड उघडलं की कॅन्सल, म्हणजे व्हिसा रद्द आणि पहिल्या विमानाने घरी. खलास.

तर या पठ्ठ्यांनी काय करावं? निवडणूक घेतली! आमच्याकडे वेल्डिंगचा रॉड जळत जळत बोटभर उरतो, त्याला स्टब म्हणतात. ते स्टब स्टोअरमध्ये परत केल्याशिवाय नवे रॉड मिळत नाहीत, म्हणून वेल्डर ते खिशात जपून ठेवतो. एका शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी त्यांनी दूधपावडरचे रिकामे डबे घेतले, प्रत्येक उमेदवाराचा एक, आणि ते चादरीच्या आडोशाला ठेवले. एकेकाने आत जायचं आणि एक स्टब टाकायचा. टाकताना कुठला डबा वाजला ते बाहेर कळू नये म्हणून महादेवने डब्यांच्या तळाशी रेती घातली होती. पणजोबांची गोष्ट मन लावून ऐकली होती त्याने. जो मेसचं जेवतो त्याला मत, मग तो पठाण असो, मल्याळी असो की बिहारी. तिघं निवडून आले आणि सर्वांत जड डबा महादेवचा.

इथवर सगळं झकास. पुढे त्यांनी जे केलं ते आपल्या गावाकडची माणसंच करू जाणोत. निवडून आलं की साहेबाला भेटायला जायचं असतं! सरपंच नाही का मामलेदाराला भेटायला जात? शनिवारी सकाळी तिघंही केसांना तेल, इस्त्रीचे शर्ट, हातात बर दुबईच्या दुकानातला पेढ्यांचा बॉक्स, असे थेट ऑफिसात हजर. “मॅडम, आमी निवडून आलूय. सायबाला पेढं द्यायचं हाईत.” आत साहेबाजवळ नेमके पर्सोनेल मॅनेजर दामले बसले होते. मी डोळ्यांनी खुणावलं, पण महादेव आनंदात होता. आत गेले, तिघांनी आपापली नावं सांगितली, मेसबद्दल बोलायला आम्हाला निवडलंय म्हणाले. दामल्यांनी शांतपणे दोन पेढे खाल्ले आणि तोंड पुसत वर डायरेक्टरांकडे गेले.

दामले आमचे घरचे म्हणावे असे. गणपतीला आरती एकत्र, अविनाशचे पत्त्यांचे भिडू. दुपारी माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, “वहिनी, महादेवला पाठवायचं ठरलंय. तुम्ही यात पडू नका. इथे युनियनची नुसती हवा लागली तरी कंपनीला महागात पडेल.” मी म्हटलं, “युनियन कसली? डाळ आंबली एवढंच म्हणाले ना ते?” दामले म्हणाले, “निवडणूक घेतली ना पण.”

संध्याकाळी साहेबाने बोलावलं. “शायला, वही.” दार लोटलं नाही, यावरूनच मी समजले. त्याने सुरुवात केली, दोन ओळी सांगितल्या, महादेवचं नाव घेतलं. मी वही मिटली.

“सर, हे मी घेणार नाही.”

इतक्या वर्षांत ‘नाही’ मी पहिल्यांदाच म्हणत होते. तो म्हणाला, “वरून आलंय. माझ्या हातात नाही.” मी बाहेर गेले. त्या दिवशी जेवणाच्या काही पिशव्या जशाच्या तशा परत आल्या होत्या, त्यातली एक उचलली आणि त्याच्या काचेच्या टेबलावर उघडली. वासाने त्याने खुर्ची मागे सरकवली. मी मात्र तिथेच चमच्याने खायला लागले. डोक्यात तिडीक गेली होती, दुसरं काही नाही. घास घशाखाली उतरेना, तरी उतरवला.

“शायला, थांब. आजारी पडशील!”

“हे लोक रोज खातात सर. तुमच्या पणजोबांना घालवलं कोणी?”

“मालकाने. तुला माहीत आहे.”

“मालकाने हुकूम दिला असेल. काढून टाकल्याची चिठ्ठी लिहिली कुणी? गिरणीत कोणीतरी कारकून असेलच ना? त्याचं नाव तुमच्या पुस्तकात कुठेच नाही. माझंही नको यायला.”

साहेबाचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता माझाच व्हिसा गेला. अविनाशला काय सांगायचं, सईच्या शाळेचं काय, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तरी मी वही उघडली नाही.

शेवटी त्याने विचारलं, “मग काय करू? सांग.”

हे मात्र माझं क्षेत्र. आखातात निवडलेला माणूस चालत नसेल, पण नेमलेला चालतो. मी म्हटलं, “मॅनेजमेंट आनंदाने कळवते की मेस कमिटीवर या तिघांची नेमणूक करण्यात आली आहे. खाली तुमची सही. मग त्यांना हात लावणं म्हणजे तुमच्या सहीला हात लावणं.” साहेब पहिल्यांदा हसला. म्हणाला, आमच्या आजीला तू आवडली असतीस.

मला वाटलं, फत्ते! दुसऱ्या दिवशी महादेवला बोलावून मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं. त्याने ऐकलं आणि मान हलवली. “न्हाई, ताई.” मॅडमची ताई त्या दिवशी झाले. “आमी निवडून आलूय. सायबानं नेमलं म्हनलं तर उद्या सायबच काढंल. आनि कॅम्पात मानसं म्हनतील, ह्यो सायबाचा मानूस.”

अस्सा राग आला मला! जिवावर उदार होऊन मी याची नोकरी वाचवते आहे आणि हा मला व्याकरण शिकवतोय? “अरे शहाण्या, घरी बायको-पोरं आहेत ना? एका शब्दासाठी जाशील?”

“हाईत की. त्यास्नी काय सांगू, निवडून आलो आनि सोताच नेमून घेतलं?”

माझा आवाज ऐकून साहेब बाहेर आला. मी रागारागाने सगळं इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं, हा भडकेल. तो महादेवकडे टक लावून बघत राहिला आणि मग म्हणाला, “याला विचार, याची अट काय?” महादेवने अट सांगितली. वरच्या ऑफिसासाठी हवं ते लिहा. पण दरवर्षी कॅम्पात डबे मांडले जातील, आणि डब्यांतून जे निघतील त्यांनाच साहेब नेमेल. दुसऱ्या कुणाला नाही. गिलक्रिस्टने हात पुढे केला. महादेवने आपला हात आधी पॅंटला पुसला, मग मिळवला.

साहेब तो कागद घेऊन डायरेक्टरांकडे गेला. दारं बंद होती तरी आवाज खाली येत होता. परत आला तो घामाघूम. “हौदात जहाज आहे, त्याच्या तळाचं वेल्डिंग हा माणूस करतोय, आणि तो गेला तर मीही जातो असं सांगून आलोय,” म्हणाला. दोन दिवस काहीच कळेना. तिसऱ्या दिवशी दामले माझ्याशी न बोलता टेबलाजवळून गेले, तेव्हा कळलं की महादेव राहिला.

क्रांती वगैरे काही झाली नाही, उगाच कोणाचा गैरसमज नको. कंत्राटदार तोच राहिला. फक्त जेवण सकाळी उशिरा शिजायला लागलं आणि स्टीलच्या डब्यांतून यायला लागलं. निवडून आलेल्यांपैकी एका मल्याळी फिटरचा करार संपल्यावर तो पुढे वाढवला नाही. कारण विचारायला गेले तर ‘कारण नाही’ एवढंच उत्तर मिळालं, आणि ती सल अजून आहे. माझी त्या वर्षीची पगारवाढ गेली आणि दामल्यांकडचं हळदीकुंकूही गेलं. पगारवाढीचं वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी गिलक्रिस्टची निवृत्ती आली. पुस्तकही संपत आलं होतं. जायच्या आधीच्या शुक्रवारी सोनापूरला डबे मांडले होते आणि साहेबाला ते बघायचं होतं. त्याला नेणार कोण? मी आणि अविनाश. अविनाश वाटभर कुरकुरत होता, “सुट्टीच्या दिवशी लेबर कॅम्प! लोक पिकनिकला जातात.” पोचलो तर आत पलंगांच्या मधोमध चादर टांगलेली, बाहेर लांबलचक रांग, आणि महादेव दारात उभा राहून प्रत्येकाच्या हातावर एक स्टब ठेवत होता.

गिलक्रिस्टही हळूच रांगेत उभा राहिला. चेहऱ्यावर इतका आनंद की बघवत नव्हतं. दारात महादेवने त्याला थांबवलं. “ताई, सायबाला इचारा, मेसचं जेवलाय का कदी?”

विचारलं. साहेब प्रामाणिक माणूस. “नाही,” म्हणाला.

“मग मत न्हाई. कायदा म्हंजे कायदा.”

सगळा कॅम्प खदाखदा हसला. साहेब लालबुंद होऊन बाजूला झाला आणि अविनाशला म्हणाला की हे पुस्तकात घालायलाच हवं. खरोखरच घातलं त्याने. क्रेगबर्नच्या इतिहासाचं शेवटचं पान सोनापूरच्या निकालाचं आहे, आणि त्यात तिघांच्या नावांपुढे ‘निवडून आले’ असं मी माझ्या हाताने टाइप केलं आहे.

पण ते सगळं नंतर. तिथे दारात महादेव माझ्याकडे वळला. “तुमी जेवलाय, ताई. सायबाच्या टेबलावर. आमास्नी समदं कळलंय.” आणि त्याने माझ्या तळहातावर बोटभर लोखंड ठेवलं.

चाळिशीला टेकलेली बाई, लहान पोरीसारखी रडत त्या चादरीमागे गेले. पुढ्यात डबे होते आणि प्रत्येकावर खडूने एकेक खूण केलेली, कढई, पंखा, सायकल, चप्पल. घाई करायला कोणी नव्हतं, बघायला कोणी नव्हतं. मी सावकाश विचार केला, प्रत्येक डब्यापुढे उभी राहिले, आणि एकात स्टब टाकला. तळाला रेती असल्यामुळे आवाज झाला नाही.

परतताना शारजाच्या वाटेवर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. साहेब मागच्या सीटवर झोपला होता. अविनाशने आरशात बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “काय गं, कोणाला दिलंस? महादेवलाच ना?”

मी म्हटलं, “सांगणार नाही.”

“अगं, मला सांगायला काय हरकत आहे? मी नवरा आहे तुझा.”

“म्हणूनच सांगणार नाही.”

त्यानंतर कित्येकदा त्याने विचारलं, महादेवने विचारलं, सईने विचारलं, निवृत्त साहेबाने स्कॉटलंडहून फोन करून विचारलं. आता हा लेख छापून आल्यावर तुम्हीही विचाराल. विचारा खुशाल.